मकाव: जुगार खेळायचा नाही, तर दोन दिवसांत बघायचं काय आणि राहायचं कुठे?

पायवाट:

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण हाँगकाँगला चाललोय: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. त्यातले दोन दिवस मकावसाठी काढायचा विचार आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत. आईचं म्हणणं, जुगाराच्या गावात लहान पोरीला घेऊन कशाला जायचं? बाबांना मात्र जायचंच आहे. तरुणपणी त्यांनी वसई, कोर्लई, रेवदंडा असे पोर्तुगीजांचे सगळे कोट पायाखाली घातलेत. त्याच लोकांनी चीनच्या किनाऱ्यावर काय बांधलं ते त्यांना बघायचंय. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर तासभर सहज चालतात, पायऱ्या चढता-उतरताना त्रास होतो.

ट्रॅव्हल कंपनीने एका दिवसाचं पॅकेज सुचवलंय. सकाळच्या बोटीने जायचं, सेंट पॉलच्या भिंतीपाशी फोटो काढायचे, दुपारी व्हेनिशियन आणि पॅरिसियन ही दोन रिसॉर्ट, रात्रीच्या बोटीने परत. हे पुरेसं आहे की मुक्काम करावा? केला तर कुठल्या भागात? आणि नवऱ्याला एकदा तरी कॅसिनो आतून बघायचाय, तेही सांगा.

शंखपुष्पी:

पायवाटताई, पॅकेज घेऊ नका. दोन रात्री राहा. मी २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षं मकावात काढली, तिथल्या एका मोठ्या रिसॉर्टच्या हिशेब विभागात नोकरी होती. यंदा जूनमध्ये मैत्रिणीकडे आठवडाभर राहूनही आले. त्या गावाबद्दल कुणी विचारलं की मला राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईंची शंका. मकावात २१ वर्षांखालच्या कुणालाच कॅसिनोत पाऊल ठेवता येत नाही आणि दारावरचे रखवालदार हा नियम अगदी कडक पाळतात. रिसॉर्टमध्ये हिंडताना लेकीला खेळाच्या दालनाबाहेरून वळसा घालून न्यायचं, एवढंच. आणखी एक सांगते, म्हणजे त्यांना गावाचा अंदाज येईल. तिथल्या सरकारी नोकरांना चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडले तर वर्षभर कॅसिनोत जायला बंदी आहे. पत्ते वाटणाऱ्यांच्या नोकऱ्या स्थानिक रहिवाशांसाठी राखीव आहेत. माझ्या शेजारची मुलगी हीच नोकरी करायची. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येताना आईसाठी भाजी घेऊन यायची. जुगार ही त्या गावाची गिरणी आहे असं समजा. भोंगा झाला की लोक कामाला जातात, सुटले की घरी येतात, आणि गाव त्याच्या बाहेर आपलं आपलं जगत असतं.

राहायचं कुठे? मकाव म्हणजे उत्तरेला जुना द्वीपकल्प, दक्षिणेला ताइपा आणि कोलोआन ही दोन बेटं. या दोन बेटांमधली खाडी बुजवून जी जमीन तयार केली तिचं नाव कोताई. दोन्ही बेटांच्या नावांतून जुळवलेलं. मोठी रिसॉर्ट बहुतेक याच पट्ट्यात आहेत. तुमच्यासाठी मी कोताईचं ताइपाकडचं टोक सुचवेन, म्हणजे गॅलेक्सी किंवा व्हेनिशियन यांच्या आसपास. तिथून ताइपाचं जुनं गाव दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि ती चाल सपाटीची आहे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री टाळा. त्याच खोलीचा दर रविवारी संध्याकाळपासून एकदम खाली येतो. बुकिंग करताना लिफ्टजवळची खोली मागा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण व्हेनिशियनमध्ये जवळजवळ ३,००० खोल्या आहेत आणि बाबांची निम्मी चाल लॉबीपासून पलंगापर्यंत जाण्यातच संपेल.

पोचाल त्या दुपारी लगेच रिसॉर्ट बघायला धावू नका. आराम करा आणि साडेचार-पाचच्या सुमाराला ताइपाच्या हाउसेस म्युझियमपाशी जा. १९२१ साली बांधलेली फिकट हिरव्या रंगाची पाच घरं आहेत. पोर्तुगीज अधिकारी आणि मकावमधली मिश्र वंशाची कुटुंबं तिथे राहायची. समोर फरसबंद रस्ता, वडाची झाडं, बसायला बाकं. माझे वडील आले होते तेव्हा एका बाकावर बसले आणि त्यांनी मला विचारलं, "घरांची तोंडं अशी एका रांगेत या बाजूला का गं? समोर समुद्र असणार." खरंच होता. या घरांच्या पायथ्याशी पाणी यायचं. आता तिथे कमळांचं तळं आहे आणि तळ्यापलीकडे कोताई उभी आहे. सहाच्या सुमाराला तिथले दिवे एकेक करत लागतात आणि तळ्यात उतरतात. आधी इथून बघा आणि मग त्या दिव्यांत चालत जा, असं मी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. आपण ज्या फरशीवर उभे आहोत तिथे पूर्वी होड्या होत्या हे माहीत असलं, की व्हेनिशियनमधला तो रंगवलेल्या आभाळाखालचा कालवाही वेगळाच दिसतो.

व्हेनिशियन २००७ साली उघडलं. आत खोटे कालवे आहेत, त्यांतून गोंडोला फिरतात आणि नावाडी गातात. लेकीला फार आवडेल, तेवढं तिकीट काढा. पॅरिसियनचा आयफेल मनोरा खऱ्याच्या निम्म्या उंचीचा आहे. तो रस्त्यावरूनच छान दिसतो. मला मनापासून आवडतात त्या दोन जागा वेगळ्याच. विन पॅलेससमोरचं तळं: तिथली कारंजी संगीताबरोबर नाचतात, काठावर उभं राहून फुकट बघता येतात, आणि तळ्यावरून एक छोटा रोपवेही फिरतो. दुसरी मॉर्फियस, वास्तुविशारद झाहा हदीद यांच्या कार्यालयाने आखलेली, २०१८ साली उघडलेली इमारत. तिचा सांगाडा जाळीसारखा बाहेरून आहे, मधोमध मोठाली भोकं, आणि आत शिरून वर बघितलं तर खांबच नाहीत. तुमच्या यजमानांना बांधकामाची आवड असेल तर तिथे पंधरा मिनिटं नक्की काढा. तिथेच, सिटी ऑफ ड्रीम्स या रिसॉर्टमध्ये, 'हाउस ऑफ डान्सिंग वॉटर' हा पाण्यावरचा प्रसिद्ध खेळ होतो. २०२० मध्ये थांबला होता, २०२५ च्या मेमध्ये पुन्हा सुरू झाला. रंगमंचाखाली पोहण्याचा प्रचंड तलाव आहे, डोळ्यांदेखत जमीन पाण्यात बुडते आणि पुन्हा वर येते. तिकीट महाग आहे, पण एका गोष्टीवर खर्च करायचा झाला तर मी यावर करेन.

आता बाबांचा दिवस. सकाळी नऊच्या आत निघा. कोताईहून छोटी मेट्रो आता थेट जुन्या द्वीपकल्पावरच्या बार्राला जाते, माझ्या वेळी ती नव्हती. उतरलात की चार पावलांवर आ-मा देवीचं देऊळ. दर्यावर्द्यांची देवी, देऊळ १४८८ चं सांगतात, म्हणजे पोर्तुगीज यायच्याही आधीचं. मकाव हे नावच तिच्यावरून पडलं म्हणतात. छतापासून लोंबणाऱ्या उदबत्तीच्या मोठमोठ्या वेटोळ्या, खडकात कोरलेली अक्षरं. आईंना इथे परकं वाटणार नाही. वरच्या गाभाऱ्यांपर्यंत पायऱ्या आहेत, पण खालच्या अंगणातही मन रमतं.

तिथून पाच मिनिटांवर, थोड्या चढावर, एक लांबलचक पिवळीपांढरी इमारत आहे. कमानींची ओळच्या ओळ. हिला मूरिश बराकी म्हणतात. १८७४ साली ही बांधली ती गोव्याहून आणलेल्या शिपायांच्या पलटणीसाठी, मकावच्या पोलिसांना कुमक म्हणून. पॅकेजवाले इथे कधीच थांबत नाहीत. आत आज बंदर खात्याचं कार्यालय आहे, पण व्हरांड्यात जाता येतं. पहिल्यांदा मी तिथे गेले तेव्हा कमानींखाली उभी राहून विचार करत होते, की आपल्याच किनाऱ्यावरचा कुणी पोरगा इथे पहाऱ्यावर उभा राहून संध्याकाळी काय बघत असेल. समोर तेव्हा बंदर होतं. बाबांना इथे घाई करू नका.

पुढे लिलाऊचा छोटा चौक आणि त्याला लागून चेंग ग्वानयिंग यांचा जुना चिनी वाडा, ज्याला मँडरिन्स हाउस म्हणतात. लिलाऊचं पाणी प्यायलेला माणूस मकाव विसरत नाही, अशी तिकडे म्हण आहे. इथवर झालं की टॅक्सी करा आणि सेंट पॉलला मागच्या रस्त्याने वर या, म्हणजे समोरचा तो पायऱ्यांचा डोंगर बाबांना चढायला नको.

सेंट पॉलचं चर्च १८३५ मध्ये आगीत गेलं, दर्शनी भिंत तेवढी उरली. गर्दी खूप असते, पण पाठ फिरवू नका, भिंत वाचा. कोरीव काम १६४० च्या सुमारास पुरं झालं. जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांचे हात त्याला लागलेत. तिसऱ्या थरावर पोर्तुगीज गलबत आहे, सात तोंडांच्या सर्पावर पाय देऊन उभी मेरी आहे आणि शेजारी चिनी अक्षरांत तिचं वर्णन. भिंतीच्या उजव्या हाताला माँते किल्ला. तिकडे जायला किल्ल्यातल्याच मकाव संग्रहालयाचा सरकता जिना आहे, त्यामुळे गुडघ्याची चिंता नाही. फक्त संग्रहालय सोमवारी बंद असतं, तो वार टाळा. किल्ला १६१७ ते १६२६ या काळात जेझुइट पाद्र्यांनी उभारला. १६२२ मध्ये डच चालून आले तेव्हा अर्धवट बांधलेल्या याच तटावरून सुटलेला गोळा त्यांच्या दारूच्या पिंपावर पडला, असं सांगतात. तोफा अजून जागेवर आहेत. त्यांतल्या एकीच्या तोंडासमोर बरोबर ग्रँड लिस्बोआ या कॅसिनो-हॉटेलची कमळाच्या आकाराची सोनेरी इमारत येते. बाबांचा फोटो तिथे काढा.

उतरताना पायऱ्या सावकाश, कडेच्या कठड्याला धरून, आणि खाली सेनादो चौक. लाटांच्या नक्षीची काळीपांढरी फरसबंदी. पाऊस पडून गेला असेल तर ती फार निसरडी होते, हे लक्षात ठेवा.

दर्यावर्दी:

शंखपुष्पी यांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त ये-जा कशी करायची ते लिहितो. आम्ही गेल्या वर्षी आईला घेऊन गेलो होतो. बोटीने साधारण तास लागतो. वारं असलं की बोट हलते. आईला मळमळलं, म्हणून येताना पुलावरून बसने आलो. हा पूल २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. समुद्राखालच्या बोगद्यासह एकूण लांबी ५५ किलोमीटर. बसचं भाडं दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर, प्रवास पाऊण तासाच्या आत. मात्र दोन्ही टोकांना इमिग्रेशनच्या मोठ्या दालनांतून सामान घेऊन चालावं लागतं. ज्येष्ठांसाठी चाकांची खुर्ची आधीच मागून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर मकावला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हाँगकाँगसाठी मात्र आगमनपूर्व नोंदणी ऑनलाइन करावी लागते. मकावहून परत हाँगकाँगला येणं हा नवा प्रवेश धरतात, तेव्हा नोंदणीचा कागद शेवटपर्यंत जवळ ठेवा.

पैशांचं: मकावचं चलन पटाका. हाँगकाँग डॉलर तिथे सगळीकडे चालतात, पण पटाका हाँगकाँगात चालत नाहीत. म्हणून सुटे पटाका तिथेच संपवा. बसमध्ये रोख ६ पटाका पडतात आणि उरलेली मोड परत मिळत नाही.

शंखपुष्पी:

बोटीवरून आठवलं. मकावात बोटीचे धक्के दोन आहेत, एक द्वीपकल्पावर आणि एक ताइपात. माझे वडील आले तेव्हा मी एका धक्क्यावर तासभर वाट बघत उभी आणि ते दुसरीकडे बाकावर बसलेले. तिकीट मीच काढलं होतं आणि धक्क्याचं नाव नीट वाचलं नव्हतं. ताइपाचा धक्का निवडा. तिथून रिसॉर्टच्या बस फुकट सुटतात.

आकडेमोड:

तुमच्या यजमानांसाठी. मकावात मुख्य खेळ बाकारा आहे, बाकीचे खेळ कोपऱ्यात. पैज हाँगकाँग डॉलरमध्ये लागते आणि टेबलावरची किमान रक्कम बरीच मोठी असते, तेव्हा नुसतं उभं राहून बघणं उत्तम. आत फोटो काढू देत नाहीत. गणित सांगतो, म्हणजे बघताना समजेल. "बँकर" आणि "प्लेयर" अशा दोन बाजूंना पत्ते वाटतात. यातली एक बाजू जिंकेल किंवा बरोबरी होईल, असे तीन ठिकाणी पैसे लावता येतात. "बँकर"वर दर १०० मागे कॅसिनोचा सरासरी फायदा सुमारे १.०६, "प्लेयर"वर १.२४, आणि बरोबरीवर, म्हणजे "टाय"वर, १४ च्या वर. टाय आला तर आठपट मिळतात, म्हणून लोक तिकडे ओढले जातात. मागचे निकाल लाल-निळ्या वर्तुळांत पडद्यावर दाखवतात आणि माणसं ते वहीत उतरवून पुढचा डाव ओळखू बघतात. त्या वर्तुळांचा पुढच्या पत्त्यांशी काही संबंध नसतो. मी स्वतः उमेदीच्या काळात महिन्याचा पगार अशा वर्तुळांमागे घालवला आहे. त्यांना माझी मनापासून विनंती आहे: आत जाताना पाकीट तुमच्याकडे देऊन जावं.

पायवाट:

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! दोन रात्रींचं बुकिंग केलं, रविवार-सोमवार. माँते किल्ला आणि संग्रहालय मंगळवारी सकाळी ठेवलंय. आता एकच काळजी, आई अंडंसुद्धा खात नाही. तिचं कसं करायचं?

शंखपुष्पी:

मोठ्या रिसॉर्टांत भारतीय जेवण मिळतं, तिथे अडचण नाही. गावात "जाय" हा कांतोनीज शब्द उपयोगी पडेल. बौद्ध लोक उपासाला खातात ते शाकाहारी जेवण. देवळांच्या आसपास अशी छोटी भोजनालयं असतात. तिथला प्रसिद्ध एग टार्ट आईंसाठी अर्थातच नाही. लेकीला मात्र कोलोआनला नेऊन, जिथे १९८९ पासून ते भाजतात, त्या लॉर्ड स्टोज बेकरीतला गरम खायला द्या. बदाम बिस्किटं मुगाच्या पिठाची असतात, सेनादो ते सेंट पॉल रस्त्यावर दुकानदार हातात तुकडे ठेवतात. पण काहींत डुकराचं मांस घालतात, म्हणून विचारल्याशिवाय आईंना देऊ नका.

कोलोआनला गेलात तर सेंट फ्रान्सिस झेवियरचं पिवळं चॅपल बघा. १९२८ चं, अगदी खेळण्यासारखं. झेवियर चीनच्या दारात, एका बेटावर १५५२ मध्ये वारला. शव जुन्या गोव्यात आहे आणि हाताचं एक हाड मकावात, सेंट जोसेफ चर्चमध्ये. बाबांना हे नक्की सांगा.

आणि नोव्हेंबरचा शेवट निवडलात ते फार बरं केलंत. मधल्या आठवड्यात मोटारशर्यतींसाठी रस्ते बंद असतात, आणि वादळांचे दिवसही मागे पडलेले असतात. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मंगखुट वादळ आलं तेव्हा आम्ही कर्मचारी हॉटेलातच अडकलो होतो. वादळापायी कॅसिनो बंद करायची ती पहिलीच वेळ, ३३ तास. त्या रात्री जिन्याच्या खिडकीतून मी कोताई बघत बसले होते. गजबज नाही, बस नाहीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाच वर्षांत तेव्हा पहिल्यांदा मला तिथे समुद्र ऐकू आला.

पायवाट:

परत आलो. पाच दिवस झाले, पण इथे लिहिल्याशिवाय चैन पडेना.

ताइपाच्या घरांपाशी सव्वापाचला पोचलो. आई बाकावर बसली आणि दिवे लागेपर्यंत उठलीच नाही. लेकीने गोंडोलात नावाड्याला गाणं पुन्हा म्हणायला लावलं. पाण्यावरच्या खेळाची तिकिटं संपली होती, ती हळहळ राहिली. नवरा कॅसिनोत वीस मिनिटं उभा राहून आला. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, इतक्या लोकांत एवढी शांतता त्याने परीक्षेच्या हॉलमध्येच बघितली होती.

माँते किल्ल्यावर बाबांनी प्रत्येक तोफेवर हात ठेवला. पण ते खरे रमले बराकींत. व्हरांड्यात शिरले आणि एका टोकापासून कमानी मोजत निघाले. अर्ध्यावर थांबून खांबाला टेकले. तिथल्या रखवालदाराला वाटलं असावं, की थकले. तो आतून खुर्ची घेऊन आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बाबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून "इंडिया" म्हटलं, मग जमिनीकडे बोट दाखवून पहारा देणाऱ्या शिपायासारखे ताठ उभे राहिले. तो माणूस क्षणभर बघत राहिला, मग हसला आणि त्यानेही तसाच सलाम ठोकला. लेकीने तो फोटो काढलाय, थोडा हललाय. बाबांनी तोच छापून आणायला सांगितलाय.

शंखपुष्पी:

हललेला असला तरी तो फोटो मला बघायचाय. जमेल तेव्हा इथे चढवा.